यादीवर जिवंत

माझ्या नवऱ्याला देवळाचा मान मिळाला, तेव्हा त्याला समुद्रात जाऊन तीन वर्षं आणि चार दिवस झाले होते. मी देवळामागच्या पडवीत लाल भोपळ्याच्या शेवयांची कढई ढवळत उभी होते. साडेतीनशे माणसांचं जेवण, आणि पडवीत आम्ही नऊ बायका. पुरुष पुढे, देवासमोर. आमच्या बेटावर हे असंच चालतं, आणि कुणी विचारलंच तर सांगतात, नियम आहे.

नियम हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. या बेटावर तो एकाच तोंडातून जास्त येतो, माझ्या थोरल्या दिराच्या. गान चुई-बोक. बावीस वर्षं देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. तोंडावर मी त्यांना भावजी म्हणते. मनात काय म्हणते ते जाऊ द्या.

माझा नवरा चुई-लाय त्यांचा धाकटा भाऊ; आमची घरं लागून, मधे एकच भिंत. तीन वर्षांपूर्वी, उत्सवाला चार दिवस असताना, तो एकटाच माकूल मासे धरायला गेला. होडी सापडली, काळ्या खडकाला टेकलेली, उलटी. तो नाही सापडला. तीन दिवस गावातल्या सगळ्या होड्या शोधत होत्या. चौथा दिवस आमच्या देवाच्या, सम्राटआजोबांच्या वाढदिवसाचा. भावजींनी आदल्या संध्याकाळी होड्या परत बोलावल्या, कारण पालखीला खांदे लागतात. मी धक्क्यावर उभी होते. एकेक होडी येऊन बांधली गेली आणि माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

बुडालेला माणूस आपणहून घरी येत नाही. तो तिथंच पाण्यात राहतो, ओल्या कपड्यांत, थंडीत कुडकुडत. देवळाच्या माणसांनी जागटं, म्हणजे काशाची मोठी थाळी, वाजवत जायचं, नाव घेऊन हाक मारायची, तेव्हा त्याचा आत्मा पाण्यातून उठतो. उत्सव संपल्यावर मी कमिटीपुढे जाऊन तेवढंच मागितलं.

"मयत मिळालं नाही," भावजी म्हणाले. "देवळाच्या यादीवर चुई-लाय जिवंत आहे. जिवंत माणसाला असं बोलवतात का?"

"मग यादीवरून खोडा."

"खोडतो. पण मग तुझ्या घरात पुरुष कोण? पोरगी तिकडे काओशुंग शहरात. पुरुष नाही त्या घराचं नाव राहत नाही. घर देवळातून जातं. उद्या तू गेलीस तर तुझ्या मयताला जागटं वाजणार नाही. चालेल तुला?"

म्हणजे बघा. नाव ठेवलं तर नवरा पाण्यात. नाव खोडलं तर तीस वर्षं ज्या घरात राबले ते घर गावाला परकं. मला म्हणाले, सावकाश विचार कर. मी विचार केला आणि नाव ठेवलं. तेव्हापासून पाऊस लागला, वारा सुटला, की मला वाटायचं, तो तिकडे गारठतोय आणि इथं मी त्याचं नाव कागदावर कोरडं जपतेय. राग मला भावजींचा होता, पण माझाही काही कमी नव्हता.

यादीवर नाव म्हणजे पाळी आली. महिन्यातून दोन दिवस प्रत्येक घरानं देऊळ उघडायचं, झाडायचं, देवापुढे चहाचे तीन पेले ठेवायचे, सम्राटआजोबांचे पाय पुसायचे. आजोबा अनवाणी आहेत, एक पाय कासवावर, एक सापावर. तीन वर्षं ते पाय मी पुसले. यादीवर चुई-लाय, फडकं माझ्या हातात. फडकं धरायला बाई चालते बरं का. त्याला कुणाचा नियम आडवा येत नाही.

तर त्या सकाळी पुढे कौल लागत होता. कौल लावायचे लाकडाचे दोन तुकडे असतात, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. एक उताणा आणि एक पालथा पडला की देव हो म्हणाला. दोन्ही पालथे पडले की नाही. दोन्ही उताणे पडले की देव हसला, म्हणजे प्रश्न नीट विचारा. चुआ गुरुजी यादीतलं एकेक नाव वाचतात आणि नकार येईपर्यंत कौल टाकत राहतात. ज्याला लागोपाठ सगळ्यांत जास्त होकार, तो वर्षाचा मानकरी. देवाचं धुपाटणं वर्षभर त्याच्या घरी राहतं. गुरुजींनी या बेटावरच्या निम्म्या लोकांना शाळेत छड्या मारल्यात, त्यामुळे त्यांच्या हाताबद्दल कुणी शंका घेत नाही.

शेजारची आ-किम धावत पडवीत आली. तिला धाप लागली होती.

"अगं ए सिओक, चुई-लायला लागला."

"काय लागलं त्याला?" मी विचारलं. मला काही कळेना.

"कौल गं. लागोपाठ सात. भावजींना पाच आले होते, सगळे त्यांचं अभिनंदन करायला लागले होते. मग गुरुजींनी तुझ्या नवऱ्याचं नाव वाचलं, आणि सात. सात! आणि भावजी म्हणतायत, बाद करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पळी हातातच होती, ती ठेवायचं मला सुचलं नाही. कौल चालू असताना बाईनं मधला उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. महिन्यातून दोनदा त्याच उंबऱ्यावर मी फडकं मारते, तो काही मला अनोळखी नव्हता.

भावजी देवापुढे उभे होते, काळा लांब झगा, डोक्यावर टोपी. चेहरा पांढराफटक.

"सिओक, बाहेर हो," ते म्हणाले. "गुरुजींची चूक झाली. ते नाव वाचायचं नव्हतं."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वाचायचं कधीपासून नव्हतं ते सांगा. गेल्या वर्षी वाचलंत. त्याच्या आधी वाचलंत, त्याच्याही आधी वाचलंत. देव नाही म्हणत होता तोवर नाव बरोबर होतं. आज हो म्हणाला तर चूक?"

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"मानकरी स्वतः लागतो," भावजी म्हणाले. "धुपाटणं धरायला हात लागतात."

"हात आहेत की. तीन वर्षं तेच हात तुमच्या देवाचे पाय पुसतायत."

"बाईचे चालत नाहीत. तुला माहीत आहे. नियम आहे."

"बरं," मी म्हणाले. "मग नियमानंच बोलू. गुरुजी, तुम्ही सांगा. मानकरी देवळात हजर नसला तर काय करतात?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हातारा माणूस, खोटं बोलायची सवय नाही. "असेल तिथं जागटं जातं," ते म्हणाले. "धुपाटणं घेऊन जायचं. तीनदा हाक मारायची. त्यानं घेतो म्हटलं की झालं."

"सहा वर्षांपूर्वी हा तिउ मागोंगला केस कापायला गेला होता." मी पळीनंच दाखवला. खाणावळवाला तिउ खांबाला टेकून उभा होता, तो सरळ झाला. "तेव्हा होडीतून जागटं गेलं का नाही?"

"गेलं होतं," तिउ म्हणाला. "एका बाजूचेच कापून झाले होते माझे. तसाच आलो."

आता सगळे मोकळे हसले. भावजी सोडून.

"मग झालं तर," मी म्हणाले. "चुई-लाय यादीवर जिवंत आहे. मी नाही म्हणत, तुमचे अध्यक्ष म्हणतात, तीन वर्षं म्हणतायत. देवानं त्याला मानकरी केलंय आणि तो देवळात नाही. कुठं आहे ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जा, घेऊन या त्याला."

हसू जागच्या जागी थांबलं.

"देवाच्या दिवशी तमाशा करू नकोस," भावजी म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"तमाशा मी करतेय? देवाच्या दिवसासाठी तुम्ही त्याला पाण्यात सोडून माघारी आलात. चौथ्या दिवशी शोधलं असतं तर सापडला असता का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आणि आता देव म्हणतोय आणा, तर आता कुणाचं नाव पुढे करणार?"

पालखी उचलतात त्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या दोघांच्या होड्या तेव्हा शोधायला गेल्या होत्या.

"देवालाच विचारू," गुरुजी म्हणाले. त्यांनी दोन तुकडे हातांत घेतले, डोळे मिटले, मोठ्यानं विचारलं, "मानकऱ्याकडे जागटं न्यायचं का?" आणि टाकले.

दोन्ही उताणे. देव हसला.

मला इतका संताप आला की मी सरळ आजोबांकडे बघूनच बोलले. "हसा. तुम्हाला काय झालंय हसायला. तुमचे पाय कोरडे आहेत, मीच पुसते ते."

माझ्या मागे आ-किमनं तोंडावर हात धरलेला मला कळला. ती आणि बाकीच्या बायका उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. गुरुजींनी मात्र तुकडे उचलले आणि प्रश्न बदलला. "मानकरी समुद्रात आहे. धुपाटणं आणि जागटं समुद्रात न्यायचं का?"

एक उताणा, एक पालथा. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. गुरुजींनी चौथ्यांदा टाकले नाहीत.

चार होड्या निघाल्या. धुपाटणं अध्यक्षाच्या होडीत असतं, म्हणून ते भावजींच्या होडीत ठेवलं. मी त्याच होडीत चढले. बाई चढली की मासे पळतात म्हणतात. धक्क्यावर कुणीतरी तसं बोलायला तोंड उघडलं, मग माझ्या हातातल्या पळीकडे बघून मिटलं. गुरुजी माझ्यासमोर बसले, त्यांचा झगा वाऱ्यानं फुगत होता. जागटंवाला पुढच्या टोकाला. भावजींनी झगा काढून ठेवला आणि इंजिन सुरू केलं.

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. खडकापाशी पोचलो की काय बोलायचं. तीन वर्षांचं साठलेलं होतं सगळं. लग्नात त्यांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य, सासूबाई गेल्या तेव्हाचं भांडण, होड्या माघारी आल्या ती संध्याकाळ, सगळं एकेक करून काढणार होते मी. माघार घ्यायची नाही असं ठरवूनच बसले होते.

काळ्या खडकाच्या आसपास पाण्याखाली खडकांचे दात आहेत. गावातली माणसं तिथं हळूहळू जातात, बांबू टोचत, किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवत. भावजींनी एकदाही मान वर केली नाही. उजवीकडे वळले, थोडं थांबले, लाट जाऊ दिली, डावीकडे घेतली. मागच्या होड्या लांबच थांबल्या. आम्ही थेट खडकाला लागलो. भावजींनी दोर टाकला आणि खडकात ठोकलेल्या लोखंडी कडीत ओवला.

त्या खडकाला कडी नव्हती कधी. मी लहानपणापासून या पाण्यात शिंपले काढलेत. कडी नवी होती, पण दोर घासून घासून आतून चकचकीत झाली होती.

मग मी नीट बघितलं. कडीच्या वर एक भेग आहे, वाऱ्याच्या आडोशाला. तिच्यात उदबत्त्यांच्या लाल काड्या खोचलेल्या. एक-दोन नाही. शंभर असतील, दोनशे असतील, जुन्या फिकट झालेल्या, वरच्या अजून लालभडक. खाली तांदळाच्या दारूच्या तीन बाटल्या, शेंगदाण्याची टरफलं, आणि नवऱ्याला आवडायच्या त्याच सिगारेटचं पाकीट, दगडाखाली दाबलेलं.

गुरुजींनी ते बघितलं आणि मान खाली घातली. भावजी पाठ करून दोर आवळत होते, आवळून झाला तरी आवळत होते.

"वाजव," गुरुजी जागटंवाल्याला म्हणाले.

जागटं वाजलं. पाण्यावर त्याचा आवाज पसरून जातो. गुरुजींनी धुपाटणं दोन्ही हातांनी उचलून खडकाच्या बाजूला धरलं. "गान चुई-लाय," त्यांनी शाळेतल्या आवाजात हाक मारली. "देवाचं धुपाटणं आलंय, घे." मग होडीच्या तळाशी कौल टाकला.

दोन्ही पालथे. नाही.

जागटं पुन्हा. दुसरी हाक. पुन्हा दोन्ही पालथे.

तीनच हाका असतात. तिसऱ्या हाकेला तो आला नाही तर सगळं संपलं, मान गेला, तो इथंच राहिला, आणि यादीवर त्याचं नाव तसंच जिवंत. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. एवढी तोंडाळ बाई मी.

"थांबा," भावजी म्हणाले.

ते उठले. होडी डोलली. त्यांनी खडकाला हात टेकला, त्या भेगेच्या बाजूलाच, जिथं हात ठेवायची सवय असल्यासारखा. "तो या नावाला ओ देत नाही," ते म्हणाले. मग पाण्याकडे वळून ओरडले, "कुत्र्या. ए कुत्र्या."

माझ्या नवऱ्याला त्याच्या आईनं ठेवलेलं ते नाव होतं, नजर लागू नये म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या. त्या गेल्यावर मी ते कधी कुणाच्या तोंडी ऐकलं नव्हतं.

"कुत्र्या, पुरे आता," भावजी ओरडले. "चल घरी. तुझी बायको न्यायला आलीय. मी एकटा नाही आज. चल."

जागटंवाला वाजवायचा विसरला. गुरुजींनी कौल टाकला. एक उताणा, एक पालथा.

गुरुजींनी धुपाटणं माझ्या मांडीवर ठेवलं. कुणी नियम काढला नाही. ते जड होतं आणि आतली राख अजून कोमट होती. मी ते पोटाशी धरलं.

मग भावजी खाली बसले आणि तोंड ओंजळीत घेऊन रडले. सत्तरीचा माणूस. मी त्यांना सासूबाईंच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, माझा राग निवला. अजिबात नाही. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी एका हातानं धुपाटणं धरलं आणि दुसऱ्या हातातली पळी भावजींच्या खांद्यावर हाणली. एकदा हाणली, परत हाणली. जागटंवाला मला धरायला उठला, गुरुजींनी त्याला बसवलं.

"किती दिवस येताय इथं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. ओंजळीतूनच. "होड्या परत बोलावल्या ना, त्याच रात्रीपासून. दर पंधरवड्याला. हाक मारायचो. एकट्याच्या हाकेला येत नाही तो, जागटं लागतं."

"मग जागटं का नाही आणलंत? अध्यक्ष तुम्ही. यादी तुमच्या हातात."

"नाव खोडावं लागलं असतं."

"मग खोडायचं."

"तीनदा कुंचला हातात घेतला," ते म्हणाले. "नाही खोडवलं गं. माझ्या हातानं मी त्याला कसा मारू."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. झगा नाही, टोपी नाही, वाऱ्यानं विस्कटलेले चार पांढरे केस. तीन वर्षं या माणसानं मला नियम सांगितला. घर जाईल म्हणाले, जागटं वाजणार नाही म्हणाले. मी त्या भीतीनं गप्प बसले, रात्र रात्र स्वतःला शिव्या घातल्या. आणि नियम बियम काही नव्हता. धाकटा भाऊ गेला हे त्यांना मान्य होत नव्हतं, बस. मलाही होत नव्हतं. एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते, मधे दोन विटा, आणि आम्ही तीन वर्षं एकेकटे रडलो.

"मला सांगायचं होतंत," मी म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं. नियम कशाला सांगितलात?"

मी पळी खाली ठेवली. दोर सोडायचा होता आणि त्यांची ओंजळ तोंडावरून सुटत नव्हती, म्हणून कडीतून तो मीच काढला.